कोपऱ्यावरच्या दुकानातील संगणक आणि स्पायवेअर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्पायवेअर, म्हणजे संगणकात किंवा फोनमध्ये गुपचूप शिरून त्यातील माहिती बाहेर पाठवणारा प्रोग्राम, हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला तो मुख्यतः जुलै २०२१ मध्ये, पेगॅसस प्रकरणाच्या बातम्यांमुळे. इस्रायलमधील एनएसओ या कंपनीचा हा प्रोग्राम पत्रकार, वकील, कार्यकर्ते आणि राजकीय नेते यांच्या फोनमध्ये घातला गेल्याचे आरोप झाले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात असे सांगण्यात आले की, तपासलेल्या २९ फोनपैकी ५ फोनमध्ये घातक प्रोग्राम आढळला, परंतु तो पेगॅससच होता असे निश्चितपणे म्हणता येत नाही. नागरिकांवर पाळत ठेवण्याच्या सरकारी अधिकाराची मर्यादा कोणती, हा प्रश्न लोकशाहीत महत्त्वाचाच आहे. मात्र त्या चर्चेतून एक समज नकळत पक्का झाला, की स्पायवेअर मोठ्या माणसांच्याच वाट्याला येते आणि नोकरीधंदा करणाऱ्या सामान्य माणसाने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. अनेक वर्षे एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम केल्यानंतर माझे मत याच्या अगदी उलट झाले आहे. मुंबईत स्पायवेअरचा सर्वाधिक धोका मला दिसतो तो ज्या संगणकांवरून दिवसभर अनेक कुटुंबांची कागदपत्रे आणि पासवर्ड जातात-येतात अशा संगणकांत, म्हणजे गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातील, करसल्लागाराच्या कचेरीतील, कोचिंग क्लासमधील आणि गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयातील संगणकांत. आणि नेमके याच संगणकांकडे शासनाचे, पोलिसांचे आणि वृत्तपत्रांचेही पुरेसे लक्ष नाही.

पेगॅसससारखा प्रोग्राम अतिशय महागडा असतो आणि तो मोजक्याच लोकांवर वापरला जातो, हे खरे. पण त्याच जातीचे स्वस्त प्रोग्राम कधीचे बाजारात आहेत. मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इतर देशांच्या पोलिसांबरोबर ‘ब्लॅकशेड्स’ या प्रोग्रामविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा तो अवघ्या ४० डॉलरपासून मिळत होता आणि शंभराहून अधिक देशांतील पाच लाखांहून जास्त संगणकांत तो शिरला होता, असे अमेरिकी तपास यंत्रणेने जाहीर केले होते. विकत घेणाऱ्याला संगणकशास्त्र येण्याची काही गरज नव्हती. समोरच्या पडद्यावरील बटणे दाबून दुसऱ्याच्या संगणकाचा कॅमेरा सुरू करता येई, त्याने टंकलेले प्रत्येक अक्षर वाचता येई आणि त्याच्या फायली उघडता येत. त्यानंतरच्या दशकात हा धंदा आणखी पसरला. ‘लुमा’ नावाचा माहिती चोरणारा प्रोग्राम गुन्हेगारांना चक्क वर्गणी भरून वापरता येत होता. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने न्यायालयाचा आदेश मिळवून त्यामागची यंत्रणा मोडून काढली, त्या वेळी आधीच्या दोनच महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत तो सापडल्याचे कंपनीने सांगितले. एवढ्या मोठ्या संख्येतले बहुतेक संगणक विद्यार्थ्यांचे, दुकानदारांचे आणि घरून काम करणाऱ्यांचे असणार, हे उघड आहे. अशा चोराला आपण कोण आहोत याच्याशी कर्तव्य नसते. तो हजारो संगणकांतून सापडेल ते गोळा करतो आणि त्याचे गठ्ठे करून विकतो, आणि त्यातून कोणाचे काय वापरायचे हे विकत घेणारा ठरवतो.

हे प्रोग्राम काम कसे करतात ते समजून घेतले, तर आपण ज्या गोष्टींवर निर्धास्त विसंबतो त्यांपैकी बऱ्याच अपुऱ्या आहेत हे लक्षात येते. सर्वांत जुना प्रकार कीलॉगरचा. आपण कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ तो क्रमाने नोंदवतो आणि ती नोंद ठरावीक वेळाने बाहेर पाठवतो. म्हणून बँकांनी पडद्यावरचा कीबोर्ड दिला. त्यावर ठरावीक क्षणांनी पडद्याची छायाचित्रे काढणारे प्रोग्राम आले. काही प्रोग्राम आपण कॉपी केलेला मजकूर वाचतात, तर काही ब्राउझरमध्ये भरलेला फॉर्म पाठवण्यापूर्वीच उचलतात. संकेतस्थळ सुरक्षित असल्याचे ब्राउझर सांगतो, तेव्हा माहिती आपल्या संगणकापासून बँकेपर्यंतच्या वाटेवर कोणाला वाचता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. माहिती निघते त्या संगणकातच कोणी बसलेला असेल, तर त्या सुरक्षिततेचा काहीच उपयोग नाही. ब्राउझरच्या ‘इनकॉग्निटो’ खिडकीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती बंद केल्यावर त्या संगणकावर आपला इतिहास उरत नाही, परंतु ती उघडी असताना चाललेल्या नोंदींना ती कोणताही अटकाव करत नाही.

ओटीपीविषयी थोडे अधिक लिहिणे आवश्यक वाटते, कारण ‘ओटीपी माझ्या फोनवर येतो, मग पासवर्ड गेला तरी काय बिघडले’ हे वाक्य मी सुशिक्षित माणसांकडूनही वारंवार ऐकले आहे. आपण एकदा पासवर्ड आणि ओटीपी देऊन ईमेलमध्ये शिरलो, की ब्राउझर एक छोटी नोंद जपून ठेवतो, जिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी ती पाहूनच संकेतस्थळ आपल्याला ओळखते आणि पुन्हा ओटीपी मागत नाही. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात मध्यंतरात चहासाठी बाहेर आलेला प्रेक्षक तिकिटाचा अर्धा तुकडा दाखवून परत आत जातो, तसेच हे आहे. तो तुकडा दुसऱ्याने खिशातून काढून घेतला तर दारावरचा माणूस त्यालाच आत सोडेल. आजचे माहितीचोर प्रोग्राम पासवर्डइतक्याच आवडीने या कुकी पळवतात. बँका आपले सत्र काही मिनिटांत बंद करतात, त्यामुळे तिथे चोराची ही युक्ती सहसा चालत नाही. ईमेलचे सत्र मात्र महिनोन्‌महिने उघडे असते, आणि बहुतेक सर्व ठिकाणचे ‘पासवर्ड विसरलात?’ या प्रश्नाचे उत्तर ईमेलवरच येत असल्यामुळे, ज्याच्या हाती आपला ईमेल गेला त्याच्या हाती इतर बरेच काही जाते.

आता मुंबईतील प्रत्यक्ष परिस्थितीकडे पाहू. दहावी-बारावीच्या निकालानंतर अकरावीचे प्रवेश, सीईटीची समुपदेशन फेरी, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज, अधूनमधून म्हाडाची सोडत, आणि वर्षभर पॅन, पारपत्र, उत्पन्नाचा दाखला ही कामे चालूच असतात. परळ-लालबागच्या चाळींतून, कुर्ला-गोवंडीच्या वस्त्यांतून आणि भांडुपच्या डोंगरावरून येणाऱ्या असंख्य कुटुंबांकडे फोन आहे, पण संगणक नाही. छायाचित्र अमुक केबीच्या आत हवे, सही तमुक मापात हवी, तीन दाखले एकाच पीडीएफमध्ये हवेत, अशा अटी फोनवरून पुऱ्या करणे अवघड जाते, म्हणून ही माणसे ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी असलेल्या दुकानात जातात. तिथे बसलेला मुलगा त्यांचे खाते उघडतो, पासवर्ड बहुधा तोच ठरवतो, आणि गर्दी असल्यामुळे अनेकांना एकाच धाटणीचा पासवर्ड देतो. आधार, पॅन, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक यांच्या प्रती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहतात. प्रिंट काढण्यासाठी कोणी आपले व्हॉट्सॲप त्या संगणकाला जोडतो आणि तसेच जोडलेले ठेवून निघून जातो. एकाच्या पाठोपाठ दुसऱ्याचा पेन ड्राइव्ह त्याच खाचेत जातो. ई-आधारच्या फाइलला पासवर्ड असतो, परंतु तो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा सर्वांना ठाऊक असलेल्या पद्धतीने बनतो, आणि ही दोन्ही माहिती शेजारच्याच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर छापलेली असते. अशा एका संगणकात एक स्पायवेअर शिरले, तर एका हंगामात संपूर्ण वस्तीची कागदपत्रे बाहेर जाऊ शकतात, आणि दुकानदाराला त्याचा पत्ताही लागणार नाही.

यात मी दुकानदारांना दोष देत नाही. एका प्रिंटमागे मिळणाऱ्या चार-पाच रुपयांवर चालणारा हा व्यवसाय आहे आणि जागेचे भाडे मुंबईचे आहे. त्यांच्याकडचा संगणक बहुधा जुना, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला असतो. त्यावर विंडोज ७ असेल तर तिचा सुरक्षा-आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, जानेवारी २०२० मध्येच संपला आहे. विंडोज १० असेल तर तिचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवी विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, जो या यंत्रांत नसतो. म्हणजे नवा संगणक घ्यायचा किंवा असुरक्षित संगणकावर धंदा चालू ठेवायचा, एवढेच दोन मार्ग दुकानदाराला दिसतात, आणि तो दुसरा निवडतो.

कायद्याने या दुकानांकडे कसे पाहिले आहे, हे तपासण्यासारखे आहे. केंद्र सरकारने २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम केले. ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे, त्याची नोंदवही ठेवावी, त्याने कोणती संकेतस्थळे पाहिली याच्या नोंदी किमान एक वर्ष जपाव्यात, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसावी, ग्राहकाला संगणकाच्या मांडणीत ढवळाढवळ करता येऊ नये, असे त्या नियमांत बारकाईने लिहिलेले आहे. ग्राहक काही गैर करेल या शक्यतेचा त्यात पुष्कळ विचार आहे. ग्राहकाचीच माहिती त्या संगणकावरून चोरली जाईल, या शक्यतेचा विचार त्या मानाने फारच थोडा आहे; संगणकात हेरगिरीचा प्रोग्राम नाही ना, याची ठरावीक काळाने तपासणी करून तसा दाखला दुकानात लावण्याची सक्ती त्यात नाही. हे नियम झाले तेव्हा लोक कॅफेत जात ते मुख्यतः ईमेल पाहायला आणि गप्पा मारायला. आज तिथे नागरिक आपले आधार, उत्पन्न आणि जात घेऊन जातो, आणि बऱ्याचदा शासनाच्याच योजनेसाठी जातो. शासन जर अर्ज ऑनलाइनच घेणार असेल, तर तो जिथून भरला जातो त्या संगणकाची किमान स्वच्छता पाहण्याची जबाबदारी शासनावर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही स्वच्छता फार खर्चिक नाही. फॉर्म भरण्याच्या कामाला मुळात एक ब्राउझर, एक प्रिंटर आणि देवनागरी टंकलेखनाची सोय एवढेच लागते, आणि हे सर्व विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्सच्या मोफत प्रणालींवर जुन्या संगणकातही उत्तम चालते. केरळने आपल्या शाळांमधील संगणक कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालवून दाखवले आहेत. अंगठ्याचे ठसे घेणारी काही यंत्रे आणि डिजिटल सहीची काही साधने विंडोजवाचून अडतात, हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक दुकानातील प्रत्येक संगणकाला ती लागत नाहीत. जिथे विंडोज ठेवणे भागच आहे तिथे संगणक पुन्हा सुरू करताच तो मूळ स्थितीत नेणारे सॉफ्टवेअर वापरता येते. पूर्वीच्या सायबर कॅफेवाल्यांना ‘डीप फ्रीझ’ हे नाव चांगले परिचयाचे होते. दर ग्राहकानंतर संगणक असा पूर्ववत केला, तर आधीच्या ग्राहकाच्या फायलीही जातात आणि त्याच्या पेन ड्राइव्हमधून शिरलेले बहुतेक उपद्रवही जातात. केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राकडून घातक प्रोग्राम शोधून काढण्याची साधने विनामूल्य मिळतात. ती दुकानदारांपर्यंत पोहोचवण्याचे काम महापालिकेच्या विभाग कार्यालयांनी आणि आपले सरकार सेवा केंद्रांच्या यंत्रणेने हाती घेतले, तर त्याला मोठ्या निधीची गरज पडणार नाही.

करसल्लागारांच्या छोट्या कचेऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आमच्याच भागातील अशा एका कचेरीत मी पाहिलेली पद्धत अपवादात्मक नाही, हे या व्यवसायातील मंडळी मान्य करतील. शेकडो अशिलांचे पॅन, जन्मतारखा आणि आयकर व जीएसटीच्या संकेतस्थळांचे पासवर्ड एकाच एक्सेल शीटमध्ये लिहिलेले होते आणि ती शीट कचेरीतील प्रत्येक संगणकावरून उघडत होती. डिजिटल सहीची टोकने (पेन ड्राइव्हसारखी साधने) खोक्यात ठेवलेली आणि त्यांचे पिन चिठ्ठीवर. जुलैअखेरच्या घाईत हिशेबाच्या सॉफ्टवेअरची परवान्याची मुदत संपली, तेव्हा कोणीतरी इंटरनेटवरून ‘क्रॅक’, म्हणजे परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालवून देणारा प्रोग्राम, उतरवून घेतला. क्रॅक चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्यासोबत होती आणि ती पाळली गेली. माहितीचोर प्रोग्राम पसरवणाऱ्यांचा हा अत्यंत आवडता मार्ग आहे, कारण यात बळी पडणारा माणूस स्वतःच्या हाताने पहारेकऱ्याला बाजूला करतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या कचेरीच्या ईमेलवरून अशिलांना पैसे मागणारे निरोप गेले. पुढे सर्व पासवर्ड बदलण्यात आले, अशिलांना कळवण्यात आले, पण त्या शीटच्या प्रती आणखी कोणाकोणाकडे गेल्या हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

शिरकावाचा दुसरा मार्ग गेल्या दोन-तीन वर्षांत फोफावला आहे आणि त्याविषयी मराठीत मी फारसे वाचलेले नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. एखादे संकेतस्थळ उघडल्यावर ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ अशी ओळखीची चौकट येते. त्यावर टिचकी मारली की पुढची सूचना येते: विंडोजची कळ आणि आर ही कळ एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा. वाचणाऱ्याला ही आणखी एक पडताळणी वाटते. प्रत्यक्षात पहिल्या टिचकीसरशी त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आणि पुढच्या तीन कृतींनी आपण ती आपल्याच संगणकाला देतो. वर उल्लेख केलेला लुमा याच मार्गाने मोठ्या प्रमाणात पसरवला गेला. कोणतेही प्रामाणिक संकेतस्थळ पडताळणीसाठी अशा कळा दाबायला कधीही सांगत नाही, ही एक गोष्ट जरी प्रत्येक शाळेतील संगणक-शिक्षकाने मुलांच्या मनावर ठसवली, तरी पुष्कळ घरे वाचतील. ईमेलच्या जोडपत्रांतून होणारा शिरकाव तर जुनाच आहे. २००९ मध्ये टोरांटो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी धरमशाला येथील दलाई लामांच्या कार्यालयाच्या संगणकांपासून सुरुवात करून ‘घोस्टनेट’ हे हेरगिरीचे जाळे उघडकीस आणले, तेव्हा ते १०३ देशांतील १,२९५ संगणकांपर्यंत पसरलेले होते, आणि त्याचे मुख्य हत्यार ओळखीच्या विषयावरचे, ओळखीच्या माणसाकडून आल्यासारखे दिसणारे ईमेल हेच होते.

संगणक मंद झाला, ब्राउझरचे मुखपृष्ठ आपोआप बदलले, जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या, ही स्पायवेअरची लक्षणे म्हणून अजूनही सांगितली जातात. वीस वर्षांपूर्वीच्या प्रोग्रामांना ती लागू पडत. आजचे अनेक माहितीचोर एकदाच चालतात, अल्पावधीत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी आणि महत्त्वाच्या वाटणाऱ्या फायली पाठवून देतात आणि स्वतःला पुसून टाकतात. दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरस चालवला तर अहवाल निर्मळ येतो आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. तो अहवाल ‘आता चोर घरात नाही’ एवढेच सांगत असतो. संशय आल्यास करण्याचे पहिले काम म्हणजे तो संगणक इंटरनेटपासून तोडणे, आणि दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून किंवा फोनवरून आधी ईमेलचा व मग इतर ठिकाणचे पासवर्ड बदलणे. त्याच वेळी ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरणे अत्यावश्यक आहे, कारण चोरलेल्या कुकी सहसा त्यानेच निकामी होतात. संशयित संगणकावर बसूनच नवा पासवर्ड टंकणे म्हणजे तो पुन्हा चोराच्या हाती देणे होय, आणि घाबरलेली माणसे नेमके हेच करतात.

या प्रोग्रामांचा आणखी एक धोका असा की, ते वाचू शकतात तसे लिहूही शकतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने भीमा कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीत असा निष्कर्ष काढला की, त्याच्या लॅपटॉपमध्ये ‘नेटवायर’ या प्रोग्रामच्या साहाय्याने बाहेरून कागदपत्रे ठेवण्यात आली होती. तपास यंत्रणेने हा निष्कर्ष स्वीकारलेला नाही आणि त्या प्रकरणाचा निवाडा न्यायालयच करील. त्याविषयी मत देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु नेटवायरसारख्या प्रोग्रामला दुसऱ्याच्या संगणकात फाइल ठेवता येते, ही तांत्रिक बाब आहे, आणि तो प्रोग्राम खुलेआम विकला जात होता. त्याच्या विक्रीचे संकेतस्थळ मार्च २०२३ मध्ये एफबीआयने ताब्यात घेतले. ज्या काळात संगणकातील फाइल हा पुरावा मानला जातो, त्या काळात प्रत्येक पोलीस ठाण्याला आणि प्रत्येक वकिलाला ही गोष्ट माहीत असली पाहिजे.

नामवंत कंपनीचे आहे म्हणून सॉफ्टवेअर निर्धोक, असेही समजता येत नाही. सोनी बीएमजीने २००५ मध्ये आपल्या संगीताच्या काही सीडींतून ग्राहकांच्या संगणकात स्वतःला लपवणारे सॉफ्टवेअर घातले होते, आणि एका संगणकतज्ज्ञाने ते उघडकीस आणल्यावर त्या सीडी बाजारातून परत घ्याव्या लागल्या. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अँटिव्हायरस बनवणाऱ्या अव्हास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास लावले, कारण वापरकर्त्यांचे संरक्षण करण्याचे आश्वासन देत असतानाच त्यांनी कोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती तिच्या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. ब्राउझरमध्ये सहज जोडली जाणारी मोफत एक्स्टेन्शन्स तर बहुधा ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागतात, आणि आपण ती न वाचता देतो. पीडीएफ जोडून देणाऱ्या चिमुकल्या साधनाला आपल्या बँकेचे पान वाचण्याची काय गरज, असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

शेवटी कायद्याकडे येतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये संगणकात ‘दूषक’ घालण्यास मनाई आहे, आणि त्याच्या व्याख्येत संगणकातील माहिती नोंदवून घेणाऱ्या आणि बाहेर पाठवणाऱ्या आज्ञांचा समावेश आहे. म्हणजे स्पायवेअर त्यात येते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नुकसानभरपाईसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा दाखल करता येतो. मंत्रालयात उपलब्ध असलेला हा मार्ग मुंबईतील किती नागरिकांना माहीत आहे, याचा शासनाने विचार करावा. प्रत्यक्षात सायबर गुन्ह्याची तक्रार म्हटली की पहिला प्रश्न ‘किती पैसे गेले?’ हाच येतो. १९३० या मदत क्रमांकाचा उपयोग पैसे गेल्यावर ते रोखण्यासाठी होतो आणि तो उपयोग मोठा आहे. परंतु ज्याचे पासवर्ड आणि कागदपत्रे गेली, पैसे अद्याप गेलेले नाहीत, त्या माणसाची तक्रार तितक्याच गांभीर्याने नोंदवली जाणे गरजेचे आहे, कारण त्याच्या नावावर कर्ज किंवा बनावट जीएसटी नोंदणी पुढे कित्येक महिन्यांनी निघू शकते आणि त्या वेळी त्याच्या बचावाला हीच तक्रार उपयोगी पडणार असते. दुसरी अडचण पुराव्याची आहे. संगणकात काही गडबड वाटली की दुरुस्ती करणारा पहिल्यांदा ‘फॉरमॅट मारून’ देतो आणि त्यासोबत तपासाचा सर्व धागा नष्ट होतो. तक्रार करायची असेल तर संगणक न पुसता तसाच ठेवावा, आणि पोलिसांनी त्याच्या डिस्कची प्रत करून घेऊन संगणक शक्य तितक्या लवकर परत द्यावा, अशी लेखी कार्यपद्धती गृह विभागाने मुंबईतील सर्व पोलीस ठाण्यांसाठी काढावी. एरवी आपला उपजीविकेचा एकुलता एक संगणक मुद्देमाल म्हणून अडकून पडेल या भीतीने दुकानदार तक्रार करायला पुढे येणार नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. दहावी आणि बारावीच्या निकालाच्या दिवशी आपण प्रवेशप्रक्रियेची माहिती ठळकपणे छापता. तिच्याशेजारी दुकानातून अर्ज भरणाऱ्यांसाठी एक छोटी चौकट द्यावी. शक्य तिथे आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत वापरावी. दुकानातील संगणकावर आपले ईमेल उघडू नये, लागणाऱ्या फायलीच तेवढ्या पेन ड्राइव्हमध्ये न्याव्यात. अर्ज भरून झाल्यावर फायली आपल्यासमोर पुसून घ्याव्यात. व्हॉट्सॲपमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ ही यादी दुकानातून निघतानाच तपासावी. आणि घरी पोहोचताच अर्जाच्या खात्याचा पासवर्ड फोनवरून बदलावा. ही चौकट दोन्ही निकालांच्या अंकांत दरवर्षी यावी.

आपला नम्र,
एक वाचक, परळ, मुंबई